उताणी चालणारी अळी

पढतमूर्ख हा शब्द आमच्या गावाला फार सोयीचा आहे. जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. इथल्या पोराच्या कानावर पाढ्यांच्या आधी मूर्खलक्षणं पडतात. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या. मधले आठ आम्ही गुंडाळून ठेवतो आणि ही दोन टोकं आयुष्यभर एकमेकांच्या अंगावर फेकत राहतो. मीही फेकलं. २०१९ च्या रामनवमीला, घरात पाहुण्यांची पंगत बसलेली असताना, थोरल्या बहिणीच्या मुलीला मी सगळ्यांदेखत पढतमूर्ख म्हणालो.

तिचा गुन्हा एवढाच की ती परभणीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकत होती आणि वरणाची वाटी पुढे सरकवता सरकवता म्हणाली, "मामा, यंदा पावसाच्या तोंडाला मी दोन महिने तुमच्याकडं येणार. तुमच्या शिवारातली हुमणी कोणती, ते ओळखायचंय."

कोणती म्हणजे? हुमणी म्हणजे हुमणी. आदल्या वर्षी तिने माझा ऊस खाल्ला होता, त्यामुळे आमची ओळख पुरेशी झाली आहे असं माझं म्हणणं. मी विचारलं, "विंचू चावला तर आपण त्याची जात विचारत बसतो का?"

"विचारतो की. तांबडा चावला का काळा, दवाखान्यात पहिलं तेच विचारतात."

हे खरं होतं. तांबड्या विंचवाच्या दंशावर आयुष्य घालवलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर मूळचे आमच्याच जालना जिल्ह्यातले, त्यामुळे पंगतीतल्या निम्म्या लोकांना ते ठाऊकही होतं. दोघं-तिघं हसले. उत्तर सुचलं नाही की माणूस समर्थांना मदतीला बोलावतो. मीही बोलावलं.

त्या शब्दाबद्दल हे लिहितो आहे. तो मी घरात केव्हाच परत घेतला, पण पंगतीत बोललेलं पंगतीतच परत घ्यावं लागतं, आणि तेवढी माणसं पुन्हा एकत्र जमली नाहीत.

आधी २०१८ सालाबद्दल सांगतो. त्या वर्षी पावसाने अशी दडी मारली की मराठवाडा कोरडाठक्क पडला. दोन एकर ऊस मी विहिरीच्या पाण्यावर कसाबसा जगवला होता. गणपतीच्या सुमारास मधलीच बेटं पिवळी पडू लागली. पाण्याचा ताण असेल म्हणून पाळी लवकर दिली, तरी पिवळेपण वाढत गेलं. एक दिवस वाळलेलं बेट नुसतं हाताने ओढलं तर सगळंच्या सगळं हातात आलं. खाली मूळ म्हणून काही उरलंच नव्हतं. कुदळीने उकरलं तर एकेका बेटाखाली सहा-सहा, आठ-आठ अळ्या. पांढऱ्या, करंगळीएवढ्या जाड, तपकिरी डोक्याच्या, कोयरीसारख्या वाकून पडलेल्या. हीच हुमणी.

मग मी तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही चुकल्या.

पहिली, औषध ओतलं. पंपाचं नोझल काढून बेटाबेटाला आळवणी केली, मजूर लावून, उधारी करून. तोवर अळ्या तिसऱ्या अवस्थेत जाऊन मातल्या होत्या. या वयाच्या हुमणीला औषध सहसा पुरं पडत नाही. शिवाय ती खोलात असते आणि वरून ओतलेलं तिथवर पोचता पोचता मातीतच जिरतं. पैसे मात्र खोलवर गेले.

दुसरी गोष्ट उकिरड्याची. गोठ्यामागच्या उकिरड्यात तसल्याच पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. शेणखतातून हुमणी शेतात जाते हे आमच्याकडचं ऐकीव ज्ञान. ते अगदीच निराधार नाही, कारण कच्चं, न कुजलेलं खत शेतात नेलं तर या संकटाला आवतणच असतं. पण मी खत कुजलं की नाही ते पाहिलं नाही. आतली अळीही पाहिली नाही. घरात उरलेली कीटकनाशकाची भुकटी सगळी उकिरड्यावर पसरली, वरून पाणी मारलं आणि सूड उगवल्याच्या समाधानात जेवायला गेलो.

तिसरी गोष्ट खरं तर केली नाही, ती टाळली, आणि तीच सगळ्यांत महाग पडली. मी पूर्वी ज्या शाळेत मास्तर होतो तिथले एक सहकारी सांगलीकडचे, कृष्णाकाठचे ऊसवाले. हुमणीचा विषय निघाला की ते सांगत, "सर, लोक झाडं हलवून भुंगेरे गोळा करा म्हणतात, त्याच्या नादी लागू नका. आम्ही करून बघितलंय. भुंगेरे झाडावर येतच नाहीत." भुंगेरा म्हणजे हुमणीचाच मोठा झालेला, उडणारा किडा. माणूस खोटं बोलणारा नव्हता. स्वतःच्या शेतात स्वतः केलेला प्रयोग तो सांगत होता. मी विश्वास ठेवला. कृषी सहायक दर वर्षी मे महिन्यात सांगायचे की पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर भुंगेरे जमतात, ते गोळा करून मारा. आणि मी दर वर्षी सांगलीचा दाखला देऊन त्यांना गप्प करायचो. असा मी दुहेरी शहाणा होतो.

भाची आली ती जूनमध्ये. सामानात दोन पिशव्या कपडे आणि एक मोठी पत्र्याची पेटी. पेटीत टाचण्या, चिमटे, काचेच्या बाटल्या, स्पिरिट, डांबरगोळ्या, थर्माकोलचे तुकडे आणि भिंग. बहिणीच्या लेकीचं रुखवत बघावं तसं आमच्या घरातल्यांनी ते सगळं पाहून घेतलं.

त्या वर्षी पाऊस रेंगाळला. जून अर्धा उलटला तरी ढेकळं भिजली नव्हती. ही रोज संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायची आणि रिकामी परत यायची. मी ओसरीवरून विचारायचो, "काय करायलीस गं तिथं? झाडाला नवस बोललीस का?" अखेर एका दुपारी वळीव पडला, चांगला तासभर. संध्याकाळी ती म्हणाली, "मामा, आज चला."

गेलो, कारण ती चुकलेली मला प्रत्यक्ष बघायची होती.

सव्वासात झाले असतील. अंधार पडत होता, पण माणसाचा चेहरा अजून ओळखू येत होता. आधी काहीच नव्हतं. मग पायाजवळची माती जागोजाग हलू लागली आणि विटकरी-तपकिरी भुंगेरे एकेक करून वर निघाले. थोडा वेळ बसल्यासारखे थांबले आणि उडाले. दहा मिनिटांत कडुनिंबाभोवती दूरवर मोटार चालू असावी तसा घुमारा भरला. फांदीवर बॅटरी मारली तर पानोपानी जोड्या, आणि ज्यांची जोडी सुटली ते पाला खात होते. कडुनिंबाचा पाला! ज्या झाडाचा अर्क काढून आपण पिकावर किडींसाठी फवारतो, ज्याची पेंड जमिनीत घालतो, तोच या प्राण्याचा आवडता घास. माझ्या शेताच्या बांधावर, मी सावलीला बसतो त्या झाडावर, दर वर्षी हे लग्न लागत होतं आणि त्या वेळी मी घरात बातम्या बघत होतो.

आम्ही खाली जुनी चादर अंथरली, आकडीने फांद्या हलवल्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत लोटले. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते असं ती चादर झटकता झटकता सांगत होती. मी मास्तर, माझा गुणाकार पक्का. पहिल्यांदाच नको झाला तो.

घरी आल्यावर मी सांगलीचं सांगितलं. तिथे भुंगेरे झाडावर येत नाहीत, इथे येतात, हे कसं?

ती म्हणाली, "त्यांचंही बरोबर आहे. त्यांची हुमणी वेगळी."

आणि मग ती हसली. एवढा वेळ तिला जे सांगायचं होतं ते मीच विचारलं होतं.

महाराष्ट्रात उसाला खाणाऱ्या हुमणीत दोन मुख्य. एक माळावरची, एक नदीकाठची. ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडची, मीही ती ऐकली होती. पण माळावरची म्हणजे 'माळावर राहणारी हुमणी' एवढाच अर्थ मी घेत होतो, जसा एकच माणूस आज माळावर राहील, उद्या नदीकाठी. शास्त्राच्या लेखी ते दोन निराळे प्राणी आहेत, नुसत्या निराळ्या प्रजातींचे नव्हे, निराळ्या वंशांचे. माळावरची ती होलोट्रिकिया सेराटा. नदीकाठची ती ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, कृष्णा-पंचगंगेच्या भारी जमिनीतली. पहिलीचे भुंगेरे पाला खायला झाडावर जातात. दुसरीचे भुंगेरे मातीतून निघतात, घिरट्या घालतात, जोडी जमवतात आणि पाला खाण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. मग झाड हलवून काय पडणार? सांगलीच्या माझ्या मित्राचा प्रयोग खरा होता, कृषी सहायकाचा सल्ला खरा होता, आणि एकाच्या खऱ्याने दुसऱ्याचं खरं खोडून मी दर वर्षी भुंगेऱ्यांना मोकळं रान दिलं होतं. त्या वेळी कुणी मला दोघांच्या किड्याचं नाव वेगळं आहे एवढं सांगितलं असतं... पण सांगायला आलेल्या मुलीला मी काय म्हणालो ते वर लिहिलं आहे.

पुढचे पंधरा दिवस मी तिचा गडी झालो. भुंगेरा टोचायचा तर टाचणी मधोमध नाही, उजव्या कठीण पंखातून. जगभर सगळे भुंगे असेच टोचतात, म्हणजे मधली रेघ आणि डावी बाजू तपासायला शाबूत राहते. त्याच्या मिशांच्या टोकाला पुस्तकाच्या पानांसारखे पापुद्रे असतात. वास घ्यायचा झाला की ते हाताच्या बोटांसारखे पसरतात. हे एकदा भिंगातून पाहिल्यावर मला तो किडा पुन्हा नुसता किडा वाटला नाही, हेही कबूल करतो. मारायचा तर अजूनही मारतो.

पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन तपकिरी भुंगेऱ्यांत फरक कशावरून करायचा? रंगावर भरवसा नाही, आकारावर नाही. खात्रीचा पुरावा नराच्या जननेंद्रियाचा. भुंगेरा गरम पाण्यात मऊ करायचा, पोटाच्या टोकातून सुईने तो कठीण भाग बाहेर ओढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या दोन पाकळ्यांचा आकार बघायचा. प्रत्येक प्रजातीचा निराळा. हे काम ती आमच्या ओसरीवर, आल्यागेल्यासमोर, काही न लपवता करत होती. एका शेजाऱ्याने विचारलं, "काय चाललंय?" तिने सांगितलं. त्यानंतर तो चार दिवस आमच्याकडे चहाला आला नाही.

नावांच्या बाबतीत मात्र माझी तक्रार तेव्हाही होती आणि अजून थोडी शिल्लक आहे. सेराटा हे नाव १७८१ साली फॅब्रिशियस नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने दिलं. हा लिनियसचा शिष्य. वंश त्याने लिहिला होता मेलोलोंथा. पुढे १८३७ मध्ये होप नावाच्या इंग्रजाने होलोट्रिकिया हा वंश केला, आणि आमची हुमणी त्या घरात गेली. आता तिला लॅक्नोस्टर्ना म्हणावं असं अलीकडचे अभ्यासक लिहितात. मी म्हटलं, "म्हणजे सासर बदललं की आडनाव बदललं!" ती म्हणाली, "सेराटा कुठं बदललं? माहेरचं नाव तसंच आहे." लॅक्नोस्टर्ना म्हणजे लोकरीच्या छातीची. भुंगेरा उलटा केला तर छातीवर खरोखर मऊ लव असते. सव्वादोनशेहून जास्त वर्षांत तीन घरं बदलूनही कुणी मूळ नाव पुसलं नाही, पहिलं नाव देणाऱ्याचा मान राखला, हे मला आवडलं. आमच्या सातबाऱ्यावर इतका प्रामाणिकपणा दिसत नाही.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मनात रुतून बसली. इंग्रजांच्या काळात भारतातल्या प्राण्यांवर मोठी ग्रंथमाला निघाली. त्यात या कुळाच्या भुंग्यांवर गिल्बर्ट ॲरो याने जाड जाड खंड लिहिले. १९१० मध्ये फुलांवरच्या आणि शिंगवाल्या भुंग्यांचा, १९१७ मध्ये चकचकीत पानखाऊंचा, १९३१ मध्ये शेणातल्या भुंग्यांचा. हुमणीच्या उपकुळाचा खंड मात्र कधीच निघाला नाही. बाकीच्यांची वंशावळ छापून तयार, आणि जिने ऊस, भुईमूग, सोयाबीन खाल्लं तिची पानं कोरी. म्हणून आजही परभणीच्या किंवा कुठल्याही विद्यापीठातल्या पोरांना सुटे निबंध आणि संग्रहालयातले जुने नमुने यांच्यावर ताळा जुळवत बसावं लागतं.

आता ज्या गोष्टीने माझं मन खरोखर फिरलं ती. आळवणीत गेलेल्या पैशांपेक्षा तिचा ठसा मोठा.

आमच्या शिवारातले बहुतेक भुंगेरे सेराटाच निघाले. पण उजेडाच्या सापळ्यात काही बारके, फिकट तपकिरी आले होते, ते कशाशीच जुळेनात. ती दोन रात्री त्यांच्यावर बसली. तिसऱ्या दिवशी तिने चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी: जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना, तारीख, कडुनिंबावर की उजेडावर, कुणी पकडला. त्याखाली दुसरी चिठ्ठी नावाची. बारक्यांच्या त्या चिठ्ठीवर तिने वंशाचं नाव लिहिलं आणि पुढे प्रजातीची जागा मोकळी सोडली.

मी म्हटलं, "लिही की सेराटा. कोण बघतंय?"

"नाही ना माहीत मामा."

"मग हे जपून कशाला ठेवायचे? टाकून दे."

"पुढं कुणाला तरी माहीत होईल. त्याला गाव आणि तारीख पाहिजे. चिठ्ठी नसली तर तो नुसता मेलेला किडा."

तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. पोराने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसलं, तर मी काय करत असे? आवाज चढवत असे. 'नाही ना माहीत' हे तीन शब्द फळ्यासमोर उभं राहून मी उच्चारल्याचं मला आठवत नाही. दासबोधातली पढतमूर्खाची लक्षणं त्या रात्री मी पुन्हा वाचली, या वेळी दुसऱ्या कुणावर फेकण्यासाठी नाही. आणि समर्थांनीही मूर्ख म्हणजे मूर्ख असं म्हणून सोडून दिलेलं नाही, लक्षणं वेगळी काढून एकेका जातीचा निराळा समास लावला आहे, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा ध्यानात आलं. वर्गीकरणाला मी हसत होतो आणि गाव माझं जांब!

उकिरड्याचं प्रकरण मी तिच्यापासून लपवलं होतं. निघायच्या आधी तिनेच विचारलं, तुमच्या उकिरड्यातल्या अळ्या बघू. माझ्या उकिरड्यात काहीच नव्हतं. वर्षभरात तिथलं शेण नीट कुजलंही नव्हतं, चिपाडासकट तसंच थर धरून बसलं होतं. मी कारण सांगितलं. ती काही बोलली नाही. शेजाऱ्याच्या उकिरड्यातून तिने सहा-सात अळ्या आणल्या, शेतातल्या मातीतून शोधून दोन बारक्या हुमण्या आणल्या, आणि ओसरीच्या शहाबादी फरशीवर सगळ्या ओळीने ठेवल्या.

हुमण्या कुशीवर वाकून पडून राहिल्या. उकिरड्यातल्या अळ्या क्षणभर थांबल्या, मग उलट्या झाल्या, पाय आभाळाकडे करून पाठीवर आडव्या पडल्या आणि चालायला लागल्या. पाठीवर! आखूड पाय वरती नुसते हवेत आणि खाली पाठीच्या वळ्यांनी सरपटत फरशीच्या कडेकडे निघाल्या, चांगल्या वेगाने. घरातली लहान पोरं ओरडायला लागली.

या फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या. कुजलेला पालापाचोळा आणि शेण खातात, त्याचं बारीक खत करतात. जिवंत मूळ हा त्यांचा घास नव्हे. भिंग असेल तर आणखी एक खूण दिसते. अळीच्या बुडाशी असलेली गुदाची चीर हुमणीत तीन फाट्यांची असते, उकिरड्यातल्या या अळ्यांत आडवी. शिवाय हुमणीत त्या चिरेच्या पुढे बारीक काट्यांची नक्षी असते, आणि ती जातीजातीप्रमाणे बदलते. पण भिंग नसलं तरी अडत नाही, फरशी पुरते.

मी माझी खत करणारी जनावरं मारली होती. ऊस खाणाऱ्या हुमणीचा सूड तिच्या दूरच्या, गरीब चुलत्यांवर उगवला होता, कारण दोघींचा रंग पांढरा आणि आकार कोयरीचा.

हुमणी संपली का, असं कुणी विचारेल. नाही संपली. भुंगेरा उडणारा प्राणी आहे, माझा कडुनिंब झाडून शेजारच्या बाभळीवरचे कमी होत नाहीत. सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात संध्याकाळी उतरायला हवं. आमच्याकडे आजवर चार घरं उतरली आहेत. तरी बेट ओढून हातात येण्याचं प्रमाण माझ्या उसात घटलं, आणि ऑक्टोबरातली ती आळवणी मी त्यानंतर केली नाही. सांगलीच्या मित्राला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो ना?" होता.

त्या बारक्या भुंगेऱ्यांच्या चिठ्ठीवर प्रजातीची जागा अजून मोकळी आहे. गावाचं नाव मात्र लिहिलेलं आहे.

यंदा पहिला वळीव पडला की त्या संध्याकाळी सात ते आठ एवढा एक तास तुमच्या बांधावरच्या कडुनिंबाखाली, बाभळीखाली जाऊन उभे राहा. चादर, आकडी आणि रॉकेलच्या पाण्याची बादली सोबत न्या. आणि उकिरड्यात पांढरी अळी सापडली तर औषध टाकण्याआधी तिला फरशीवर ठेवा. उताणी चालली तर उचलून परत खतात सोडा.